ब्लूजे वापरून कॉमर्सच्या पोराला जावा शिकवतेय, त्याचा अनुभव

भाच्याची बारावी कॉमर्स झाली आणि त्याला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची होती. बहिणीच्या सासरचं सांगलीत किराणा दुकान आहे, त्याचं बिलिंग आणि उधारीचं खातं स्वतः बनवायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. एका शिकवणीला घातला, नाव घेत नाही, पण दीड महिन्यानं पोरगं काय शिकून आलं तर अ‍ॅनिमल नावाचा क्लास (जावात क्लास म्हणजे एखाद्या गोष्टीचा साचा), त्याच्यातून डॉग आणि कॅट, डॉग भुंकतो. पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ती ओळ, पहिल्या दिवसापासून पाठ, का लिहायचं विचारलं की "पुढे कळेल". मी म्हणलं बरं, बिलाचा क्लास कसा करशील सांग, तर गप्प बसला. मला फार वाईट वाटलं, कारण हा पोरगा दुकानात बसून वीस आयटमची तोंडी बेरीज करतो, कुणाची किती उधारी त्याला पाठ असते, आणि शिकवणीत त्याच्या कामाचं एक उदाहरण कुणी दिलं नाही.

मग मीच रविवारी दोन तास घ्यायला लागले आणि ब्लूजे टाकलं, म्हणजे जावा लिहून चालवून बघायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोजवर त्याच्याबरोबरच जावा येतं त्यामुळे वेगळं काही टाकायची भानगड नाही, दाजींच्या दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवरही बरं चालतं. मायकल क्योलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश युनिव्हर्सिटीत हे काढलं, खास नवशिक्यांसाठीच, आणि २००९ पासून ओपन सोर्स आहे. आपल्याकडे आयसीएसईच्या बऱ्याच शाळांत नववी-दहावीला हेच वापरतात, कॉमर्सच्या पोरांना मात्र कुणी याचं नावही सांगत नाही.

यातली मुख्य गोष्ट म्हणजे मेन लिहावंच लागत नाही. प्रत्येक क्लास स्क्रीनवर एक चौकोन म्हणून दिसतो, त्याच्यावर राईट क्लिक करून न्यू म्हणायचं, नाव वगैरे विचारतं ते भरायचं, की खालच्या पट्टीवर लाल रंगाचा ऑब्जेक्ट येऊन बसतो. आम्ही कस्टमर क्लास केला, नाव, फोन, उधारी एवढंच. दोन ऑब्जेक्ट बनवले, एक शेजारच्या काकू, एक कोपऱ्यावरचे हॉटेलवाले. काकूंवर राईट क्लिक करून उधार घेतली म्हणलं, ३५० टाकले. मग दोघांच्या इन्स्पेक्टच्या खिडक्या (ऑब्जेक्टच्या आत काय भरलंय ते दाखवणाऱ्या) शेजारी शेजारी उघडल्या, काकूंच्या उधारीत ३५० आणि हॉटेलवाल्यांच्या शून्य. तो लगेच म्हणाला, "मावशी, म्हणजे उधारीच्या वहीत रकाने आखलेलं कोरं पान तो क्लास, आणि नाव घालून भरलेलं पान तो ऑब्जेक्ट." मी हे सांगितलं नव्हतं, त्याला समोर दिसलं म्हणून तो बोलला.

क्लासमधली माहिती प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून थेट हात लावता न येणारी, का करायची तेही असंच. आधी उधारी मुद्दाम पब्लिक ठेवली आणि कोडपॅड नावाचा छोटा भाग असतो, एकेक ओळ लिहून लगेच चालवायला, तिथं सरळ काकूंची उधारी उणे ५०० लिहून दाखवली, गपचूप झालं. मग प्रायव्हेट केलं, तीच ओळ परत लिहिली, आता एरर. मी म्हणलं आता जमा नावाची मेथड (ऑब्जेक्टला सांगता येणारं काम) लिही आणि उधारीपेक्षा जास्त पैसे नाकार. तर तो म्हणतो नाकारायचे कसे, हॉटेलवाले सणाच्या आधी आगाऊ पैसे ठेवून जातात, त्यांची उधारी उणेच असते. बरोबर त्याचंच होतं! नियम दुकानाचा, मेथड त्या नियमासाठी. कुत्र्यामांजरांच्या उदाहरणात हा प्रश्न कधी आलाच नसता.

सगळ्यात जास्त शिकलो ते जीएसटीच्या दिवशी. बिल, त्याच्यात बिलाच्या ओळी, प्रत्येक ओळ वस्तूकडे बोट दाखवते आणि टॅक्सचा दर वस्तूला विचारते, असं त्यानं केलेलं, दिसायला छान. अंगाचा साबण घेतला, टॅक्स धरायच्या आधी १०० रुपये असं सोपं धरून, दर १८ टक्के, बिल ११८. मग मी म्हणलं २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, केसाचं तेल १८ वरून ५ वर आलं की नाही, बदल दर. त्यानं साबणाच्या ऑब्जेक्टवर राईट क्लिक करून दर ५ केला, आणि मी म्हणलं आता ते जुनं बिल परत विचार. १०५ आलं. "मावशी, जुनं बिलच बदललं की! सीए काय म्हणतील?" चेहरा बघण्यासारखा झालेला. मी उत्तर दिलं नाही. त्यानं ओळ इन्स्पेक्ट केली, तिथं दराचा आकडाच नाही, फक्त वस्तूकडे जाणारा बाण आहे, त्या बाणावरून पुढं गेला तर साबण आणि त्याच्यात ५. मग त्यालाच सुचलं की ओळ बनते त्या क्षणी दर आणि किंमत दोन्ही ओळीत उतरवून घ्यायचं, जसं छापलेल्या बिलावर असतं. धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक अनुभवी लोकही करतात, मी आठ वर्षं अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टला काढलीत, मला माहितीय त्याचा त्रास.

रकमा डबलमध्ये, म्हणजे जावातल्या दशांशाच्या आकड्यांच्या प्रकारात, ठेवू नका हेही कोडपॅडमध्ये एका ओळीत पटतं. ०.१ अधिक ०.२ लिहून एंटर मारा, ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ येतं. आम्ही रकमा इंटमध्ये, म्हणजे पूर्ण आकड्यांत ठेवतोय, रुपयांत नाही तर पैशांत, पुढं बिगडेसिमल घेऊ, म्हणजे दशांश अचूक ठेवणारा प्रकार.

आता खटकणाऱ्या गोष्टी. कोडमध्ये काही बदललं आणि कंपाइल केलं (म्हणजे कोड चालवण्याजोगा करून घेतला) की खालच्या पट्टीवरचे सगळे ऑब्जेक्ट जातात, दहा मिनिटं घालून मांडलेलं दुकान एका क्लिकमध्ये साफ, नवीन पोरांचा हिरमोड होतो. यावर उपाय आहे, एक टेस्ट क्लास (कोड तपासायचा क्लास) बनवायचा आणि पट्टीवरचे ऑब्जेक्ट त्याच्या फिक्श्चरमध्ये, म्हणजे तयार मांडणीत, टाकून ठेवायचे, मग परत हवे तेव्हा एका मेनूतून येतात. पण हे मला बऱ्याच उशिरा सापडलं, पहिल्या दिवशीच दाखवा. दुसरं, डेटाबेस, बिल छापायचं, स्क्रीनवरचे फॉर्म या कामांसाठी हे नाही, तिथं इंटेलिजे किंवा एक्लिप्स अशा मोठ्या सॉफ्टवेअरवर गेलेलं बरं, आणि तेव्हा मेन लागतंच. आम्ही दोन महिन्यांनी मेन घेतलं, तेव्हा एका वाक्यात कळलं त्याला, की आत्तापर्यंत न्यू आपण माऊसनं म्हणत होतो, आता ते प्रोग्रामनं म्हणायचं.

शिकवणाऱ्यांना एक विनंती, ब्लूजे घेऊन त्याच्यात परत अ‍ॅनिमल आणि डॉगच करू नका. पोरगं ज्या घरातून येतं तिथला व्यवहार घ्या, दूध डेअरीचं खातं, मेसचं मासिक बिल, पिठाची गिरणी, काहीही.

आमचं सध्या घाऊक ग्राहकाचं चाललंय. त्यानं कस्टमर क्लासचंच सगळं घेऊन त्यात भर घालून घाऊक कस्टमर असा वेगळा क्लास केलाय, आणि मी त्याला विचारून ठेवलंय की आजचे किरकोळ गिऱ्हाईक उद्या घाऊक झाले तर त्यांच्या जुन्या उधारीचं काय करशील. रविवारी उत्तर घेऊन येतो म्हणालाय.