घर असून खानावळीत : बर्डीवरच्या थाळीचे नऊ महिने

पुण्याहून बदली होऊन ऑगस्टात नागपूरला परत आलो. घर मनीषनगरला, ऑफिस बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला. दुपारी घरी जाऊन जेवून यायचं तर सव्वा तास मोडतो. बायको सकाळी सातला शाळेत शिकवायला जाते, म्हणून डबा माझ्याकडे होता. म्हणजे बहुतेक दिवस नव्हताच. म्हणून ही खानावळ. बर्डीवर मेन रोड सोडून आतल्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी. सहा टेबलं, चोवीस खुर्च्या, गल्ल्यावर काकू आणि वाढायला दोन पोरं.

आपल्याच गावात एकट्यानं खानावळीत जेवणं सोपं नाही राजेहो. पुण्यात अकरा वर्षं एकटा जेवलो, कुणी ढुंकून पाहिलं नाही. इथे तिसऱ्याच दिवशी आईला महाल या जुन्या वस्तीतून फोन: "काऊन वो, पोराचं घरी काही बिनसलं का? बर्डीवर थाळी खाताना दिसला." संध्याकाळी आईनं माझी उलटतपासणी घेतली आणि मग, का कोण जाणे, बायकोचीही.

ऑफिसजवळच्या एका एसी हॉटेलात आधी दोनदा गेलो होतो. दारातच "किती जण?" आणि "एकटाच" म्हटलं की बेसिनशेजारचं टेबल ठरलेलं. खानावळीत हा प्रश्नच नाही. जिथे खुर्ची रिकामी, तिथे बसायचं. समोर अनोळखी माणूस असतो. तो आपला स्टीलचा ग्लास चार बोटं मागे घेतो, ताट ठेवायला जागा करून देतो आणि पुन्हा खाली मान घालून जेवतो. एवढीच ओळख. मला ती पुरते.

थाळी 110 रुपयांची. तीन पोळ्या, एक सुकी, एक रस्सा, वरण, भात, कांदा-लिंबू. 26 कुपनांचं पुस्तक घेतलं तर 2,600. हिशेबात जेवणामागे दहा रुपये वाचतात, पण कुपन महिनाभरच चालतं. डिसेंबरात लग्नांच्या नादात माझी सात बुडाली. काकूंशी वाद घालून पाहिला. त्यांनी शांतपणे पुस्तकामागची बारीक अक्षरं दाखवली. तेव्हा वर्षातून दोनदा लग्नसराई असलेल्या माणसानं पुस्तक जपून घ्यावं.

आता जेवण. नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना सावजीच आठवतं. ते इथे नाही, मटण-चिकन काहीच नाही. हे घरगुती, थोडं सढळ तेलाचं. सोमवारी आलू-वांगं, मंगळवारी बेसन (इथे झुणक्याला बेसनच म्हणतात) आणि भाकर, गुरुवारी अंबाडीची भाजी. बुधवारची पातोडी मात्र वेगळीच. बेसन शिजवून ताटलीत थापतात, वड्या पाडतात आणि झणझणीत रस्सा वाढतानाच त्यावर ओततात. आधीपासून रस्श्यात टाकून ठेवल्या की त्या फुगून मोडतात. ही चूक शहरातली बरीच मोठी हॉटेलं करतात. इथे वडीची कड शाबूत असते, आत मऊ, वर तर्री आणि मूठभर सांबार. पुण्याच्या मित्रांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीचा काही संबंध नाही.

जानेवारीत सोले-वांगं होतं. ओल्या तुरीचे दाणे अर्धे वाटून, अर्धे अख्खे. ते पंधरा-वीस दिवस मी कुपनाशिवाय, रोखीनं, शनिवारीही सुट्टी असताना गेलो. बायकोला एकदा घेऊन गेलो, तर तिनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "तिखट कमी आहे." ती अकोल्याची आहे.

वरण मात्र आठवड्यातून दोनदा पातळ असतं. पोळ्या दीडनंतर गार मिळतात, कारण साडेबारालाच लाटून डब्यात रचलेल्या असतात. टेबल पुसायचं फडकं एकच, सकाळपासूनचं. आणि गल्ल्यावरचं पैसे आल्याचं सांगणारं ते यंत्र! दर दोन मिनिटांनी "एकशे दहा रुपये प्राप्त झाले", अगदी भाताच्या घासाला. मार्चअखेरीस कूलर लागला. आता बाहेर पारा 43 च्या पुढे गेलाय. कूलरसमोरच्या खुर्च्यांवर बारापासूनच रुमाल पडलेले असतात आणि मागच्या भिंतीला बसलेला माणूस जेवणाआधी घामानंच न्हातो. वाळ्याचा वास तेवढा सगळ्यांना सारखा मिळतो.

सुट्ट्या लक्षात ठेवा. रविवारी बंद. तान्ह्या पोळ्यालाही (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) बंद. सप्टेंबरात हे मला माहीत असायला हवं होतं. काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला त्या दिवशी निम्मं शहर इतवारीत असतं. काळी मारबत 1881 पासून निघतेय आणि मी बंद शटरसमोर उभा राहून वेळेचा बोर्ड वाचत होतो.

नऊ महिन्यांत काकूंनी माझं नाव विचारलेलं नाही. पुस्तकावर 37 आहे, म्हणून मी "सदतीस". पोरगा ओरडतो, "सदतीसला भात!" आणि काकू तिथूनच सांगतात, "कमी टाक, उरवते तो." बायकोचं बिनसलं का, पुण्याहून काऊन आला, हे काहीच नाही. फेब्रुवारीत तापानं चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी त्यांनी न विचारता रस्श्याऐवजी साधं वरण आणि मऊ भात पाठवला. चेहरा पाहून कळलं असेल. मीही काही बोललो नाही, हात धुऊन कुपन फाडून दिलं.

पातोडी खायची तर बुधवारी एकच्या आत जा. सव्वाला गेलात तर नुसता रस्सा मिळेल, आणि तोही 110 लाच.