घसरगुंडीखाली वाळू की रबरी टाइल?

शाळेत घसरगुंडी आणायची म्हटली की चर्चा तिच्या उंचीवर, रंगावर आणि देणगीदाराच्या पाटीवर होते. पोर खाली पडलं तर कशावर पडणार, हे विचारायची वेळ येते तेव्हा पैसे संपत आलेले असतात. आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी. मी तिथे शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवलेत, तेव्हा असले निर्णय शेवटी आपल्यासारख्यांनाच घ्यावे लागतात. आमच्यापुढे दोन दरपत्रकं होती: एक वाळूचं, एक रबरी टाइलचं. तुमच्याही समितीत हाच विषय निघाला असेल, तर आमचं काय झालं ते सांगतो.

पेव्हर ब्लॉक मी मोजतच नाही. गावोगावी शाळेच्या अंगणात ते बसलेत, पाऊस पडला तरी चिखल होत नाही, हे खरं. पण घसरगुंडीखाली ते आणि सिमेंटचा कोबा सारखेच.

दिसायला रबर उजवं, यात वाद नाही. मैदान लगेच देखणं होतं, झाडून घेतलं की काम झालं, वर्गात कचरा येत नाही. चाकाच्या खुर्चीवरचं किंवा कुबड्या घेऊन चालणारं मूल शाळेत असेल तर रबर फारच सोयीचं, कारण वाळूत चाक रुततं. शहरात जागाच नसल्यामुळे गच्चीवर किंवा काँक्रीटवर खेळणी मांडलेली असतात, तिथेही दुसरा इलाज नाही. फक्त दरपत्रक घेताना एक गोष्ट लिहून मागा. टाइल किती जाड हे सगळे विक्रेते सांगतात. ती किती फुटांवरून पडलेल्या मुलासाठी पुरेशी आहे, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

तरीही माझं मन रबरावरून उडालं, ते एका विटेमुळे. माझी मोठी मुलगी आधी ज्या बालवाडीत जायची तिथे रबरी टाइल होत्या, लाल आणि हिरव्या. सुरुवातीचे महिने छान गेले. पहिल्या पावसाळ्यात पाणी खाली शिरलं, गोंद सुटला आणि घसरगुंडीच्या पायथ्याशीच एका टाइलचा कोपरा बोटभर वर आला. मुलं धावत यायची आणि त्याला अडखळायची. आम्ही सांगितलं, त्यांनी ठेकेदाराला फोन केला. चार-पाच टाइलसाठी माणूस पाठवणं परवडत नाही, आणखी सुटल्या की एकदम येऊ, असं उत्तर आलं. मग कोणीतरी, चांगल्याच हेतूने, तो कोपरा दबून राहावा म्हणून त्यावर वीट ठेवली. मूल पडलं तर लागू नये म्हणून घातलेल्या टाइलवर वीट! ती वीट तिथे दीड महिना होती. एका दुपारी माझ्या मुलीची हनुवटी तिच्यावर आपटली आणि दोन टाके पडले. मला त्या बालवाडीचा राग आला नाही. दुरुस्ती त्यांच्या हातातच नव्हती, एवढं मात्र डोक्यात पक्कं बसलं. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. चांगल्या उतारावर, नीट पाया करून बसवलेल्या टाइल वर्षानुवर्षं टिकतही असतील.

वाळूचाही त्रास आहे, तो लपवत नाही. पायांबरोबर वर्गात येते. रात्री मांजर येतं, म्हणून संध्याकाळी जाळी अंथरावी लागते आणि सकाळी काच, खिळा काही पडलंय का ते बघून घ्यावं लागतं. खाली काळी माती असेल तर पाणी साचतं. आम्ही तळाला खडीचा थर देऊन त्यावर कापड घातलं, नाहीतर पहिल्याच पावसात वाळू आणि माती एक झाली असती. मुख्य त्रास म्हणजे घसरगुंडीच्या पायथ्याशी आणि झोक्याखाली खड्डा पडतो. मुलं जिथे नेमकी पडतात, तिथलीच वाळू उडून जाते. पण हा खड्डा दिसतो, मोजता येतो, आणि फावडं घेतलं की दहा मिनिटांत बुजतो. कोणाला फोन करावा लागत नाही.

मोजता येतो म्हटलं, कारण आमच्या बाईंनी या वाळूचं गणित करून टाकलं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची मैदानांसाठी एक मार्गदर्शिका आहे. चार फुटांवरून पडणाऱ्या मुलासाठी निदान ९ इंच वाळू हवी आणि खेळण्याच्या चहूबाजूंनी सहा फूट जागा मोकळी हवी, असं ती सांगते. युरोपच्या मानकात वाळूसारखा सैल भराव उडून जातो म्हणून १० सेंटिमीटर जास्तीचा धरतात. आम्ही फूटभर भरायची ठरवली. ठेकेदार सवयीने १० बाय १५ फुटांचा खड्डा धरून चालला होता. चौथीच्या मुलांनी पुठ्ठ्याचं एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच खोकं केलं आणि फरशीवर खडूने चौकटी आखून अशी किती खोकी बसतील ते मोजलं. ठेकेदाराच्या हिशेबाने दीडशे. ब्रास म्हणजे शंभर खोकी, तेव्हा दीड ब्रास. मग घसरगुंडीच्या कडेने सहा-सहा फूट सोडले तर खड्डा १५ बाय २० चा निघाला आणि खोकी झाली तीनशे. ठेकेदाराला वाळू दुप्पट लागणार हे चौथीच्या पोरांनी सांगितलं, आणि त्याने मान्य केलं. घनफळ हा शब्द अजून त्यांच्या पुस्तकात आलेला नाही.

नंतर एका काठीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या. ९ इंच म्हणजे साधारण २३, तिथे तांबडी रेघ. दर सोमवारी दुसरी-तिसरीची मुलं पाच ठिकाणी काठी खोचून आकडा वहीत लिहितात. रेघ उघडी पडली तर त्या दिवशी आधी फावडं, मग खेळ.

मी एका सोमवारी उभा होतो. तिसरीतल्या मुलीने काठी वाचून 'तेवीस' म्हटलं आणि दुसरीतल्या मुलाने वहीत लिहिलं ३२. तीन आधी ऐकू येतात, म्हणून तीन आधी लिहितात. ही चूक बाईंना रोजची. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी वाचनाची पद्धत दिली ती याचसाठी, आणि तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. इथे बाईंना बोलावंच लागलं नाही. शेजारचा मुलगा म्हणाला, "बत्तीस कसं येईल? वाळू तीसच आहे!" लिहिणाऱ्याने काठी हातात घेतली, बोट खुणेवर ठेवून पुन्हा मोजलं, खोडलं आणि २३ लिहिलं. वहीत तशी चूक त्याने शंभरदा केली असती, आणि आपण शंभरदा लाल पेनाने गोल केला असता.

त्यामुळे माझा कल कुठे आहे हे एव्हाना कळलंच असेल. खाली माती असलेली जागा, रोज फावडं हातात घ्यायला तयार असलेलं कोणीतरी, आणि बाजूने चाकाच्या खुर्चीसाठी एक पक्की वाट, एवढं जमत असेल तर मी वाळूच घेईन. कोकणात पावसाचा मारा मोठा, तिथल्या पालकांनी निचऱ्याचा विचार आमच्याहून जास्त करावा.

वाळू घेताना मात्र जपून. नदीची वाळू मिळणं कठीण झाल्यामुळे ट्रॉलीवाले क्रश सॅण्ड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आणून ओततात. तिचे कण टोकदार असतात आणि त्यात दगडाची भुकटी असते, ओली होऊन वाळली की ती जमिनीसारखी घट्ट बसते. पैसे देण्याआधी ओंजळभर वाळू ओली करून लाडू वळा आणि दिवसभर उन्हात ठेवा. बोट लावताच विस्कटला तर उतरवून घ्या, ढेकळासारखा राहिला तर ट्रॉली परत पाठवा. आणि हे सगळं मेच्या सुट्टीतच उरका, मृग लागला की भरलेली ट्रॉली मैदानात रुतते.