चाररेघी वहीचं काय करायचं? कर्सिव्ह, सुटी अक्षरं आणि मोडी

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या भाचीचा मुलगा जूनमध्ये तिसरीत जाणार होता. मे महिन्यात तिचा फोन आला, "मामी, याला कर्सिव्हच्या क्लासला घालू का? सोसायटीतली सगळी मुलं चाललीत. पण हल्ली असं जोडून-जोडून इंग्रजी लिहितं तरी कोण?"

माझी नोकरी बँकेतली, त्यातली बरीच वर्षं क्लिअरिंगच्या, म्हणजे इतर बँकांचे चेक वटवण्याच्या, टेबलावर गेली. लोकांची अक्षरं लावणं, म्हणजे ओळखून वाचणं, हाच माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून तिने मला विचारलं. मी लगेच हो-नाही म्हटलं नाही. आठवडाभर पर्समध्ये एक छोटी वही ठेवली आणि दादरमध्ये कोण कुठे हाताने काय लिहितं ते टिपत गेले.

वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव आणि फ्लॅट नंबर: सगळी सुटी अक्षरं. शिंप्याच्या पावतीवर मापं: आकडे आणि मराठी. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव: मराठी, तेही शिरोरेघ न देता. बँकेत केवायसीचा फॉर्म: चौकोनात कॅपिटल. जोडून लिहिलेलं इंग्रजी आठवड्यात दोनदाच दिसलं. एकदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि एकदा शेजारच्या, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या ऐंशीच्या आजींच्या वाणसामानाच्या यादीत. आजींची यादी लख्ख वाचता आली. डॉक्टरांची चिठ्ठी केमिस्टनेही दोनदा उजेडाकडे धरली.

मुंबईत रोज सगळ्यात जास्त वाचलं जाणारं हातचं अक्षर बहुधा डबेवाल्यांचं असेल. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे: डबा कुठून निघाला, कोणत्या स्टेशनला उतरायचा, कोणती इमारत, कितवा मजला. फलाटावर गर्दीत एका नजरेत कळायला हवं, म्हणून एकही अक्षर दुसऱ्याला चिकटत नाही. ज्यांचा धंदाच वेळेवर चालतो त्यांनी सुटी अक्षरं निवडली, हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं पण त्याला डबे पोचवायचे नाहीयेत." बरोबर आहे. म्हणून पुढची सगळी तुलना.

वेग आणि वळण

कर्सिव्हच्या बाजूने पहिला मुद्दा येतो तो वेगाचा: पेन उचलावं लागत नाही, म्हणून हात भरभर चालतो. ऐकायला पटतं, पण 1998 साली अमेरिकेत चौथी ते नववीच्या मुलांची अक्षरं तपासली तेव्हा निव्वळ जोडून आणि निव्वळ सुटं लिहिणाऱ्यांच्या वेगात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. दोन्हींची मिसळ करणारी मुलं पुढे होती. मला यात नवल वाटलं नाही. क्लिअरिंगला येणाऱ्या चेकांवर सराईत हातांची अक्षरं अशीच असायची. 'टी' आणि 'एच' जोडलेले, 'एस' सुटा, मध्येच एखादं कॅपिटल. शाळेत कोणी शिकवत नाही, पण पोटासाठी लिहिणाऱ्याचा हात तिथेच येऊन थांबतो.

सुट्या अक्षरात 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल होते. जोडून लिहिताना ती कमी होते, कारण दोन्हींची सुरुवातच वेगळी. हा कर्सिव्हचा खरा फायदा, आणि ज्या मुलाचा हा घोटाळा तिसरीतही चालू आहे त्याच्या आईने तो मनावर घ्यावा. उलट बाजूला 'मिनिमम' हा शब्द कर्सिव्हमध्ये लिहून बघा. सात अक्षरांत पंधरा उभ्या दांड्या, एकाला लागून एक, जणू कुंपणच. वरचे दोन ठिपके सोडले तर कुठे 'एम' संपतो आणि कुठे 'यू' सुरू होतो ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. भाचीच्या मुलाने हाच शब्द माझ्यासमोर काढला तेव्हा सतरा दांड्या झाल्या. आम्ही दोघांनी पेन्सिलीच्या टोकाने मोजल्या.

डावखुऱ्या मुलाचा हात ओल्या शाईवरून घासत जातो. त्याच्यावर कर्सिव्हची सक्ती करू नये, इतकंच.

फॉर्म, चेक आणि सही

इथे सुटी अक्षरं सरळ जिंकतात. पॅनचा अर्ज घ्या नाहीतर बँकेचा, 'कॅपिटल अक्षरांत भरा' ही सूचना डोक्यावरच असते. डॉक्टरांनाही 2016 मध्ये मेडिकल कौन्सिलच्या नियमात सांगितलं गेलं की औषधांची नावं स्वच्छ, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. चेकचं तर विचारूच नका. आता कागद बँकाबँकांतून फिरत नाही, त्याची प्रतिमा फिरते, आणि तारखेखेरीज कुठलीही दुरुस्ती तिथे चालत नाही. अक्षरी रक्कम लपेटून लिहिताना एक फाटा जास्त गेला की नवा चेक फाडा.

एक गंमत मात्र सांगायला हवी. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसचा अर्ज भरताना एक घोषणापत्र स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून अपलोड करावं लागतं, आणि ते सगळं कॅपिटलमध्ये लिहिलेलं चालत नाही. सहीही कॅपिटलमध्ये चालत नाही. मग धावपळ होते आणि "कर्सिव्ह शिकायला हवं होतं" असा उसासा ऐकू येतो. पण लहान सुट्या अक्षरांत लिहिलेलं चालतं, त्यासाठी क्लास लागत नाही.

सहीसाठी कर्सिव्ह लागते हा असाच एक पक्का समज. सही म्हणजे ओळखू येणारी, दर वेळी तशीच उतरणारी खूण. माझी सही पहिल्या पगारापासून मराठीत आहे, कधी अडली नाही. चेक परत जातात ते सही नमुन्याशी जुळत नाही म्हणून, आणि पंधराव्या वर्षी ठरवलेली फारच लपेटीदार सही साठीनंतर थरथरत्या हाताला जुळवणं हे मी काउंटरवर फार वेळा पाहिलंय. चिरंजीवांना सही साधी ठेवायला सांगा.

मेंदूचं प्रकरण

क्लासच्या जाहिरातीत 'कर्सिव्हने मेंदूचा विकास' असं हमखास असतं. त्यामागे खरं संशोधन आहे, पण ते भलत्याच गोष्टीवर. नॉर्वेतल्या 2024 च्या अभ्यासात 36 विद्यार्थ्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून मोजमाप केलं. हाताने लिहिताना मेंदूतल्या वेगवेगळ्या भागांची जोडणी टाइप करण्यापेक्षा जास्त दिसली. टाइपिंग एका बोटाने करायचं होतं, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. आणि तुलना होती हात विरुद्ध कीबोर्ड अशी. जोडून विरुद्ध सुटं अशी नव्हेच. मुलगा रोज एक पान हाताने लिहीत असेल तर हा फायदा त्याच्या पदरात पडतोच आहे, अक्षर कुठलंही असो.

वाचता येण्याचं काय?

भाचीला मी सांगितलं, लिहिण्यापेक्षा इथे थांबून विचार कर. अमेरिकेत 2010 च्या कॉमन कोअरमध्ये, म्हणजे शाळांसाठीच्या सामाईक अभ्यासमानकांत, कर्सिव्हला जागाच नव्हती आणि बऱ्याच शाळांतून ती गेली. फिनलंडने 2016 पासून सक्ती काढली. मग कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये कायदा करून पहिली ते सहावीसाठी ती परत आणली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला जुनी कागदपत्रं उलगडायला कर्सिव्ह वाचू शकणारे स्वयंसेवक हवे आहेत असं आवाहन करावं लागलं.

आपल्याला हे हसण्यावारी नेता येणार नाही, कारण आपण हेच आधी करून बसलोय. मोडी ही मराठीची कर्सिव्हच. आधी पानभर शिरोरेघा ओढायच्या, मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं खाली टांगत जायची. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. (व्हॉट्सअ‍ॅपवर अजून मोडीच चालू आहे म्हणायची.) छपाई बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, झाली, गेल्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतून गेली, आणि दोन पिढ्यांत घरचे कागद घरच्यांना परके झाले. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली तेव्हा जुनी दप्तरं निघाली, आणि मोडी वाचणारी माणसं हुडकायची वेळ आली. मुंबईतल्या कितीतरी कोकणी घरांत गावच्या ट्रंकेत एखादं खरेदीखत पडून असतं, ते कशाबद्दल आहे तेच कोणाला सांगता येत नाही. आमच्याकडेही आहे. एका कोपऱ्यातली तारीख आणि खालची निशाणी एवढंच मला वाचता येतं.

म्हणून क्लासलाच पैसे घालायचे असतील तर माझं मत मोडीला, पण तिसरीतल्या मुलासाठी नव्हे, त्याच्या आईबापांसाठी. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे, ते मोडीचे वर्गही घेतं. मूळ अक्षरं थोड्या दिवसांत कळतात; माणसामाणसाचं वळण लागायला मात्र वर्ष जातं.

मग घालू का क्लासला?

शाळेत कर्सिव्हची सक्ती असेल आणि मूल मागे पडत असेल, तर जरूर घाला. वर्गात रोज लाल शेरा खाण्यापेक्षा दोन महिन्यांची धावपळ परवडली. 'बी-डी'चा घोळ असेल तरी विचार करा. शाळेची सक्ती नसेल आणि मुलाचं सुटं अक्षर स्वच्छ असेल, तर फी वाचवा. बोर्डाच्या परीक्षेत पेपर तपासणाऱ्याला उत्तर वाचता आलं म्हणजे झालं, जोडण्याचे वेगळे मार्क नाहीत. मराठी अक्षर गिचमिड असेल तर आधी ते दुरेघी वहीत बसवा, ते कर्सिव्हचा क्लास बघत नाही.

वाचण्यापुरतं कर्सिव्ह मात्र प्रत्येक मुलाला यावं, आणि ते घरी होतं. आमच्या वेळी गिरगावातल्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं आणि बाई चार लिप्या गिरवून घ्यायच्या: पहिली-दुसरी छापील, तिसरी-चौथी लपेटीची. मी तिसरी-चौथी कधीच नीट लिहिली नाही, पण डोळ्यांना सवय झाली, आणि पुढे त्यावरच नोकरी केली.

भाचीने क्लास रद्द केला. मुलगा सुट्टीत चार दिवस माझ्याकडे राहायला आला तेव्हा मी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे त्याच्या पणजोबांची, गोदीत कारकून असतानाची जमाखर्चाची डायरी काढून दिली. तिरकं, बारीक, एकसारखं कर्सिव्ह. पहिल्या दिवशी त्याला 'मिल्क' आणि 'रेंट' लागलं. तिसऱ्या दिवशी एका ओळीवर बराच वेळ बोट ठेवून बसला होता, 'आर'ला 'व्ही' समजून अडला होता. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आजी, पणजोबांनी छत्री दुरुस्त करायला फक्त चार आणे दिले? आणि आणे म्हणजे किती?"