पेकिंगचं कॉलेज की डिंगशियानची पेटी?

अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशन या दानसंस्थेने 1915 मध्ये पेकिंगमधलं (आजचं बीजिंग) एक मिशनरी मेडिकल कॉलेज ताब्यात घेतलं आणि जुन्या राजवाड्याच्या जागेवर नवं उभारलं. वर हिरव्या कौलांची चिनी छपरं, आत अद्ययावत प्रयोगशाळा. शिकवणं इंग्रजीत, वर्ग मुद्दाम लहान. ‘थोडे शिकवा, पण अव्वल शिकवा’ हे धोरण. कोट्यवधी डॉलर ओतूनही 1940च्या दशकापर्यंत जेमतेम तीनशेच्या आसपास डॉक्टर बाहेर पडले, आणि तेही चीनसारख्या अवाढव्य देशासाठी!

याच कॉलेजचे पदवीधर चेन झिचियान 1932 मध्ये डिंगशियान या ग्रामीण जिल्ह्यात गेले. तिथे अमेरिकेच्याच मिलबँक फंड या दानसंस्थेचा पैसा होता, पण हात राखून. चेन यांनी गावातलाच साक्षर शेतकरी निवडला, त्याला काही दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि हातात प्रथमोपचाराची पेटी ठेवली. देवीची लस टोचायची, जखम बांधायची, विहीर स्वच्छ राखायची, जन्म-मृत्यू वहीत टिपायचे. झेपणार नाही तो रुग्ण वरच्या केंद्रात पाठवायचा. 1937 च्या जपानी आक्रमणाने हे काम मोडलं.

माझा कौल पेटीला. पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी: चेन घडले ते त्या महागड्या कॉलेजातच. त्यांना गावाकडे वळवणारे जॉन ग्रँट तिथलेच प्राध्यापक, आणि हेच ग्रँट पुढे भारताच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या आपल्या भोर समितीवर होते.