विश्रामबाग, सांगली येथील नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार : सेवेचा अनुभव

निवृत्तीनंतर हाती आलेल्या ग्रॅच्युइटीचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे नियोजन करण्यासाठी आम्ही उभयतांनी विश्रामबागेतील या सल्लागार मॅडमची सेवा घेतली. सेवा चांगली आहे. मात्र तिचे मोल कळायचे असेल, तर आर्थिक सल्ला देण्यासाठी कोणती पात्रता लागते हे ग्राहकाने आधी समजून घ्यायला हवे.

आपल्याकडे ‘गुंतवणूक मार्गदर्शन’ अशी पाटी लावणारे अनेक जण विमा प्रतिनिधी किंवा म्युच्युअल फंडाचे वितरक असतात. वितरकाला एनआयएसएम या रोखे बाजाराचे शिक्षण देणाऱ्या संस्थेची ‘पाच-अ’ ही १०० गुणांची परीक्षा ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण झाल्यावर एआरएन हा वितरकाचा नोंदणी क्रमांक मिळवता येतो आणि त्याचे उत्पन्न फंड कंपनीच्या कमिशनमधून येते. यात गैर काहीच नाही. परंतु शुल्क घेऊन सल्ला द्यायचा, तर सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१३ च्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी पदवीखेरीज ‘दहा-अ’ आणि ‘दहा-ब’ या दोन परीक्षा द्याव्या लागतात, ज्यांत एखाद्या कुटुंबाची परिस्थिती मांडून त्यावर प्रश्न विचारलेले असतात, उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण लागतात आणि उत्तर चुकल्यास गुण वजा होतात. ‘सीएफपी’ (सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर) हे प्रमाणपत्र अभ्यासाची खोली दाखवते, म्हणून त्याला मान आहेच. पण ते नोंदणीची जागा घेऊ शकत नाही, आणि हा फरक फारच थोड्या ग्राहकांना ठाऊक असतो.

या मॅडमनी आमच्या पैशांचा विषय काढण्याआधी सेबीचे संकेतस्थळ उघडले, ‘आयएनए’ने सुरू होणारा आपला नोंदणी क्रमांक त्यात घातला आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. भिंतीवरच्या एनआयएसएम प्रमाणपत्रावरील मुदतीची तारीखही त्यांनी बोट ठेवून दाखवली, कारण ते प्रमाणपत्र तीन वर्षांपुरतेच असते. शुल्क लेखी करारात ठरले, ते रोखीने घेतले जात नाही, आणि सुचवलेले सर्व फंड कमिशन नसलेल्या डायरेक्ट योजनांतले आहेत. २०२० च्या नियमबदलानंतर एकाच कुटुंबाला सल्लाही द्यायचा आणि त्यालाच वितरक म्हणून योजनाही विकायच्या, असे करता येत नाही. त्यामुळे सल्ल्यामागे विक्रीचा हेतू असेल ही शंका उरली नाही.

जोखीम-क्षमतेची प्रश्नावली त्यांनी आम्हा दोघांकडून स्वतंत्रपणे भरून घेतली. बाजार २० टक्क्यांनी घसरला तर काय कराल, या प्रश्नावर मी ‘थांबेन’ असे लिहिले होते, तर सौ.नी ‘सगळे काढून घेईन’ असे लिहिले होते. त्या एका फरकावर बराच वेळ चर्चा झाली आणि शेअर बाजाराशी निगडित हिस्सा आमच्या मूळ अपेक्षेपेक्षा बराच कमी ठेवून मोठी रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वळवण्यात आली.

उणिवा दोन आहेत. आराखडा संपूर्ण इंग्रजीत आहे. सांगलीसारख्या शहरात, तेही ज्येष्ठांसाठी, त्याचा मराठी सारांश द्यायलाच हवा. शिवाय प्राप्तिकर विवरणपत्राचे काम येथे होत नसल्याने त्यासाठी सनदी लेखापाल वेगळा गाठावा लागतो. तरीही पुढील वर्षाच्या आढाव्यासाठी आम्ही करार वाढवला आहे आणि मराठी सारांशाची मागणी लेखी दिली आहे.