कॅनिबल ऑक्सचा 'द कोल्ड व्हेन' ऐकताय तर वॉर्डुलला कान द्या

आधी एक सांगतो, हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, नाहीतर पहिल्याच गाण्यात म्हणाल की ही काय खरखर लावलीये. हेडफोन घ्या, साधे वायरवाले पण चालतील, आणि रात्री ऐका. सध्या इंदूरात चांगली थंडी पडलीये, सराफ्यात गराडूच्या कढया चढल्यात, हेच दिवस आहेत या अल्बमचे. आला होता तो मे २००१ मध्ये, पण आपल्या मे महिन्यात मी तरी कधी लावत नाही.

कॅनिबल ऑक्स म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेममधले दोघं रॅपर, व्हास्ट एअर आणि वॉर्डुल मेगा, आणि हा त्यांचा पहिलाच अल्बम. बीट्स, म्हणजे रॅपच्या मागचं संगीत, प्रोड्युसर एल-पीचं. आजची पोरं त्याला रन द ज्युएल्स या रॅप जोडीमुळे ओळखतात, पण तेव्हा तो कंपनी फ्लो या ग्रुपवाला एल-पी होता आणि त्याने नुकतंच डेफ जक्स हे रेकॉर्ड लेबल काढलं होतं (डेफ जॅम या मोठ्या लेबलशी नावावरून भांडण झालं म्हणून मग डेफिनिटिव्ह जक्स केलं), त्या लेबलचा पहिला फुल अल्बम हाच. ज्यांनी दिल्लीच्या सीधे मौत या जोडीचा 'बयान' ऐकलाय त्यांना हे गणित लगेच कळेल, दोन रॅपर, पहिला अल्बम आणि अख्ख्या अल्बमवर एकाच प्रोड्युसरचा हात, तिकडे सेझ, इकडे एल-पी. असं असलं की सगळी गाणी एकाच गावात घडतायत असं वाटतं.

आणि हे गाव भयंकर थंड आहे. ड्रम जड, सिंथ ताणलेले आणि मधेच वाकडे होणारे, मागे सतत काहीतरी घुमत असतं, मिल बंद झाली पण एक मशीन चालूच राहिलंय असं. त्या काळातल्या रेडिओवरच्या चकचकीत रॅपशी याचं काही नातं नाही. पण एल-पीने एक मोठी गोष्ट केलीये, एवढा आवाज भरूनसुद्धा बोलणाऱ्यासाठी मधे जागा सोडलीये, म्हणून शब्द कुठेच दबत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. या अल्बमबद्दल बोलताना सगळे व्हास्ट एअरबद्दलच बोलतात. साहजिक आहे. त्याचा आवाज मोठा, थोडा नाकातला, तो सावकाश एकेक ओळ टाकतो, थांबतो, ती लागू देतो, मग पुढची. पहिल्यांदा ऐकताना तोच भाव खाऊन जातो. वॉर्डुल बरोबर उलट आहे, आवाज सपाट, थकलेला, एका ओळीत चार ठिकाणी यमक जुळवत तो जो सुटतो की वाक्य कुठे संपलं तेच कळत नाही, आणि टाळी मिळावी म्हणून तो कुठेच थांबत नाही. सुरुवातीला तो डोक्यावरून जातो. पण माझं स्पष्ट मत आहे की अल्बमचा जीव त्याच्यात आहे. व्हास्ट आपल्याला त्या शहराबद्दल सांगतो, वॉर्डुल ते शहर अंगावर घेऊन फिरतोय असं वाटतं. 'पेनकिलर्स' लिरिक्स समोर उघडून ऐका, मग बोला. नुसत्या व्हास्टवर हा अल्बम चतुर झाला असता, एवढा दुखरा झाला नसता.

'आयर्न गॅलेक्सी'ने सुरुवात होते आणि न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीचं पूर्ण चित्र तिथेच उभं राहतं. 'अ बी-बॉइज अल्फा' जन्मापासून, लहानपणापासून सुरू होऊन मोठं होण्याची गोष्ट सांगतं, मला सगळ्यात जवळचं तेच. 'द एफ-वर्ड'मध्ये (एफ म्हणजे इथे फ्रेंड) एका मुलीवर जीव जडलेल्या आणि तिच्यासाठी फक्त मित्रच राहिलेल्या पोराचं दुखणं आहे, एवढ्या कडक अल्बममध्ये एवढं हळवं गाणं ठेवायला हिंमत लागते. 'बॅटल फॉर ॲसगार्ड'मध्ये पाहुणे रॅपर आहेत, मजा येते, मार्व्हलची कॉमिक्स वाचलेल्यांना जास्त, ॲसगार्ड म्हणजे त्यातल्या थॉरचं गाव.

कमी काय आहे तर लांबी. पंधरा गाणी, सव्वा तासाच्या आसपास, आणि मधल्या भागात सगळं एकाच वेगाने चालतं, 'रियल अर्थ'पर्यंत येताना मी अजूनही थोडा कंटाळतो. दोन गाणी कमी असती तर बरं झालं असतं. आणि हो, शिव्या आहेत, घरात मोठ्याने लावायचं काम नाही.

पण शेवट एक नंबर. 'पिजन'मध्ये शहरातल्या कबुतरांचा वस्तीतल्या पोरांशी संबंध जोडलाय, जे मिळेल ते खाणारे, कुणाला नको असलेले, तरी जगणारे. आपल्याकडे राजवाड्यापाशी, कृष्णपुरा छत्रीवर लोक पुण्य म्हणून कबुतरांना दाणे टाकतात, म्हणून मला ते चित्र आधी पटायला वेळ लागला, न्यूयॉर्कात ती हाकलायची गोष्ट आहे. आणि मग 'स्क्रीम फिनिक्स' येतं आणि अख्ख्या अल्बममध्ये पहिल्यांदा बीट वर उठते, तेच कबुतर आता राखेतून उठणारा फिनिक्स झालंय. हे शेवटचं गाणं सुटं ऐकू नका, आधीची थंडी सोसल्याशिवाय त्याची ऊब लागत नाही.

दुसरा अल्बम 'ब्लेड ऑफ द रोनिन' थेट २०१५ ला आला, त्यात एल-पीचे बीट्स नाहीत, आणि ती उणीव जाणवते. त्याच्याऐवजी एल-पीने याच बीट्सचा इन्स्ट्रुमेंटल अल्बम काढलाय, 'कॅनिबल ऑक्सट्रुमेंटल्स', तो घ्या, आपल्याकडची जी पोरं बीट बनवतात त्यांनी तर नक्कीच. इंग्रजी स्लँगची भीती वाटत असेल तर पहिल्यांदा लिरिक्स न बघता 'आयर्न गॅलेक्सी', 'अ बी-बॉइज अल्फा' आणि 'पेनकिलर्स' एवढंच ऐका, मग दुसऱ्या दिवशी लिरिक्स घेऊन पूर्ण अल्बम, आणि त्या वेळी वॉर्डुलची एकही ओळ सोडू नका.