उन्हाळी सायकलिंग जर्सी: आठ महिने वापरल्यानंतर

ही जर्सी आली त्याच आठवड्यात मी तिचं कौतुक लिहायला बसले होते. बरं झालं लिहिलं नाही. आता आठ महिने झाले, आठवड्यातून तीन-चारदा ती अंगात असते, शंभरेक धुण्यांतून गेली आहे, आणि तिच्या खोडी मला पाठ झाल्या आहेत.

अर्ध्या बाह्या, पुढे गळ्यापासून खालपर्यंत चेन (शर्टाची, सायकलची नव्हे), पाठीवर तीन खिसे. कापड पॉलिएस्टरचं, त्यात थोडं इलॅस्टेन (ताणणारा धागा), ११५ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ११५ ग्रॅम. काखेत आणि पाठीच्या वरच्या भागात जाळी. रंग फिकट राखाडी. माझ्या राइड्स बहुतेक दीड-दोन तासांच्या, महिन्यातून एखादी पाच-सहा तासांची. पारा ३० ते ३८ अंशांच्या मध्ये कुठेतरी.

त्याआधी दोन वर्षं मी सुती टी-शर्टवरच सायकल मारली. उन्हाळ्यात सुतीच घालावं हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं, आणि ते खोटंही नाही. घरात बसलेल्या माणसाला सुतीसारखं सुख नाही. सुती धागा हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पिऊन टाकतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. पण सायकलवर, उन्हात, तासाला लिटरभर घामसुद्धा निघू शकतो. एवढा घाम कापडाने पिऊन बसून काय उपयोग? तो उडायला हवा. एक लिटर घामाची वाफ होताना अंगातली जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. तोच घाम कोपरावरून टपकला तर नुसतं पाणी गेलं, गारवा काही मिळाला नाही.

एका रविवारी मला राहवलं नाही. टी-शर्ट आणि जर्सी दोन्ही बादलीत बुचकळले, हाताने सारखेच पिळले आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले. १६५ ग्रॅमचा टी-शर्ट ३७० भरला, १३० ग्रॅमची जर्सी २०५. सावलीत वाळत घातल्यावर जर्सी तासाभरात कोरडी झाली. टी-शर्टच्या शिवणी संध्याकाळीही ओलसर लागत होत्या. राइडच्या शेवटी पाठीवर ओलं पोतं टाकल्यासारखं का वाटायचं, ते त्या दिवशी उमगलं.

पण सपाटीवर कुठलाही शर्ट बराच वाटतो. ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगाने जाताना अंगावर वारा असतोच, श्रेय मात्र शर्टाला मिळतं. खरी पारख चढावर होते. वेग आठ-नऊवर आलेला, वारा मागून, म्हणजे अंगाला लागणारी हवा जवळजवळ शून्य. हनुवटीवरून थेंब सायकलच्या दांडीवर पडतायत, आणि तेव्हा जी गोष्ट कामाला येते ती कापड नव्हे, चेन. माझ्या आधीच्या एका जर्सीला छातीपर्यंतच चेन होती, ती उघडली तरी पोट आणि पाठ तशीच तापलेली राहायची. ही पूर्ण उघडते. दोन्ही पाखे बाजूला होतात, पाठीला चिकटलेलं कापड किंचित सुटतं आणि चार-पाच मिनिटांत फरक जाणवतो. उतार लागायच्या आधी बंद करायला विसरायचं नाही, पाखे फडफडतात आणि एकदा एक माशी आत शिरली होती. चेनची कडी मात्र इतकी इवलीशी की हातमोजा घातलेल्या घामट बोटांत सापडतच नाही. मी तिला जाड दोऱ्याचा फास बांधला आहे. दिसतो गबाळा, पण एका हाताने ओढता येतो.

मापाचा गोंधळ माझाच. आधी पुरुषांच्या कटची मध्यम मागवली. खांद्यात ढगळ, नितंबांवर घट्ट, दर दहा मिनिटांनी वर सरकून कमरेशी वळकटी. परत केली आणि बायकांच्या कटची एक माप मोठी घेतली. आरशासमोर ताठ उभं राहून जर्सी पारखू नये, हे तेव्हा कळलं. उभं राहिलं की पुढून आखूड आणि मागून शेपूट लोंबल्यासारखी दिसते. खुर्चीच्या पाठीला हँडल समजून वाकायचं आणि मग बघायचं: मागून कंबर झाकते का, काखेत ओढ बसते का, गळ्याशी चेनचं टोक टोचतं का. फार ढगळ घेतली तर खिशात सामान टाकल्यावर सगळा भार मागे लोंबतो आणि पुढून गळा आवळतो.

तक्रारी दोन, आणि दोन्ही बारीक नाहीत.

पहिली खालच्या काठाची. जर्सी वर सरकू नये म्हणून आतून सिलिकॉनची पट्टी आहे. पट्टी आपलं काम चोख करते, पण तिच्याखाली घाम अडकतो. पाच तासांच्या राइडनंतर कमरेभोवती लाल रेघ, दुसऱ्या दिवशी त्याच रेघेवर घामोळं. पुढची घेताना सिलिकॉनऐवजी विणलेलं रुंद इलॅस्टिकच बघेन.

दुसरी जाळीची. पहिल्या लांब राइडनंतर अंघोळीला गेले तर खांद्याखाली चुरचुर. आरशात पाहिलं तर पाठीवर लाल ठिपक्यांची नक्षी, जाळीच्या भोकांची हुबेहूब. लेबलवर यूपीएफ ३० लिहिलं होतं, म्हणजे अतिनील किरणांचा तिसावा भागच आत येतो. पण तो आकडा सलग कापडाचा, जाळीचा नव्हे; शिवाय कापड ताणलं की संरक्षण आणखी घटतं. आता जाळीखालीही सनस्क्रीन चोपडते, म्हणजे पाठीवर हात पुरेल तिथपर्यंत.

काळं उन्हात जास्त तापतं, असं रंगाबद्दल बरंच ऐकवलं जातं. १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवर एक अभ्यास आला होता: काळ्या आणि पांढऱ्या झग्यात माणसाला लागणारी उष्णता सारखीच निघाली. पण झगा सैल असतो, आतून हवा खेळते. जर्सी अंगालगत, तिला ती सोय नाही. म्हणून मी फिकट रंगच घेते. राखाडीवर घाम ठळक दिसतो आणि वाळल्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठतात. ज्याला लाज वाटते त्याने पांढरी घ्यावी.

चौथ्या महिन्यात वास सुरू झाला. धुऊन वाळवलेली जर्सी नाकाशी धरली तर काही नाही, पण राइड सुरू होऊन वीस मिनिटं झाली की कुबट वास जागा व्हायचा. पॉलिएस्टर पाणी धरत नाही, पण अंगातलं तेल घट्ट धरून ठेवतं, आणि जिवाणूंना तेच हवं असतं. मी त्यात भर घातली होती: मऊ राहावी म्हणून दोनदा फॅब्रिक सॉफ्टनर टाकलं. धाग्यावर त्याचा थर बसला आणि घाम कापडात पसरायचा सोडून अंगावरच ओघळायला लागला. मग अर्धा तास व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून, उलटी करून, थोड्याच साबणात तीन-चार धुणी काढली, तेव्हा ती पूर्वपदावर आली. आता घरी आल्याआल्या गार पाण्यात बुचकळते, गोळा करून ठेवत नाही.

एका मैत्रिणीची मेरिनो लोकरीच्या मिश्रणाची जर्सी तीन दिवस न धुताही वास मारत नाही, पण ती वाळायला वेळ घेते आणि एका कोपऱ्यात विरली आहे. उन्हाळ्यात लोकर म्हटल्यावर मी हसले होते. १९१९ साली टूर दि फ्रान्स या सायकल शर्यतीत आघाडीवरच्या स्पर्धकाची पहिली पिवळी जर्सी जुलैच्या उन्हात दिली गेली, ती लोकरीचीच होती.

खिसे ठीक. फोन मात्र प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवावा, घाम आतून खिशात झिरपतो आणि स्क्रीन बोटांना जुमानत नाही. डाव्या खिशाची शिवण सहाव्या महिन्यात उसवली, घरीच घातली. बाह्यांचं इलॅस्टिक थोडं सैल पडलंय. चेन अजून गुळगुळीत आहे.

अगदी दमट, वारा पडलेल्या दिवशी ही जर्सीही हात टेकते. हवाच ओलावा घ्यायला तयार नसेल तर कापड बिचारं काय करणार? तेव्हा मी सहाच्या आत निघते आणि चढ टाळते.

दुसरी मागवली आहे. माप तेच, चेन पूर्ण, पाठ बिनजाळीची. ही जुनी आता छोट्या राइडला.